पाव फेरा

मुहर्रकच्या एका बैठकीत
सहाशे लिटर समुद्र आहे.
खालच्या कपाटात त्याचं पोट:
पंप, चिलर, नळ्यांचा गुंता
आणि स्किमर, हातभर उंच.
हवा ओढतो, दुधासारखे बुडबुडे करतो,
पाण्यातला मळ बुडबुड्यांना धरून वर चढतो
आणि कपात पडतो, चहाच्या रंगाचा.
वासाचं विचारू नका.

नवा बसवला तेव्हा आठवडाभर उतू जात होता.
खलफ म्हणाला, बदलून आण.
नवी काहील पण पहिल्यांदा असंच करते,
असं मी मराठीत पुटपुटलो
आणि मोठ्यानं म्हटलं, न्यू मशीन, सर, वन वीक.

माझा बाप केरबा, कागलकडचा गुळव्या.
रस तापला की भेंडीचं पाणी घालायचा,
मळी वर यायची, काळपट, जाड.
झाऱ्याच्या आधी तो नजरेनं काढायचा ती.
जळव्यावर ओरडायचा: जाळ ओढ! जाळ ओढ मागं!
घाई केलीस तर मळी रसातच मरंल.

मी समुद्र पाहिला चोविसाव्या वर्षी,
विमानाच्या खिडकीतून, तोही अर्धा, पंखामुळं.

झडप पाव फेरा फिरवायची.
मग हात काढून घ्यायचा, हेच अवघड.
रात्र जाऊ द्यायची. उद्या पुन्हा पाव.
जास्त झालं तर कपात नुसतं फिकं पाणी,
कमी झालं तर फेस नळीच्या गळ्याशीच वाळतो.
मधे एक जागा असते.
माहितीपत्रकात तिचं चित्र नाही.

ती सापडली, आणि शुक्रवारी फेस बसला.
दुपारी फोन. माझी सुट्टी,
गुदैबियात बादलीत कपडे भिजलेले.
गेलो. हवेची नळी व्हिनेगरनं धुतली,
पंप उघडला, पाण्याची पातळी बोटभर वाढवली.
काही नाही.
शनिवारी आपोआप ठीक.
असे चार शुक्रवार.

पाचव्याला आधीच जाऊन बसलो,
कपाटामागं, टॉर्च घेऊन, चोरासारखा.
नमाजाहून बू खलफ आला, खलफचा बाप,
काठी सोफ्याला टेकवली,
बाही वर केली
आणि कोपरापर्यंत हात पाण्यात सोडला.
पिवळा मासा येऊन बोटं चाचपू लागला.
म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले.
मनगटावर ऊदाचं तेल, शुक्रवारचं, भरपूर.
पाण्यावर एक बारीक साय पसरत गेली
आणि खाली माझ्या कानाशी फेस बसला,
चूल विझल्यावर रस बसतो तसा.

ड्रायव्हर सांगतो, हा नऊ वर्षांचा असताना
मोत्यांच्या होडीवर होता.
बाप खाली, दोरी याच्या हातात.
झटका आला की वर ओढायचं.
एकदा झटका उशिरा आला, सांगतो.
ड्रायव्हर बरंच काही सांगतो.

म्हाताऱ्यानं डोळे उघडले, मला पाहिलं.
"बारिद," म्हणाला. थंड आहे.
हात दिश्दाशाला पुसला आणि गेला.

मी चिलर अर्धा अंश वर नेला.
त्याहून जास्त प्रवाळ सोसत नाही.
झडपेला हात लावला नाही.
खलफला म्हटलं, शुक्रवारी प्रेशर कमी असतं.
प्रेशरवर सगळ्यांचा विश्वास असतो.

रात्री बापाचा फोन.
अजून विचारतो, नक्की काम काय करतोस?
मळी काढतो, म्हटलं.
कशाची?
समुद्राची.
खूप वेळ हसला, मग खोकला,
मग एकदम गंभीर, कामातल्या आवाजात:
आणि जाळ कोण बघतंय?

जाळ वरनं येतो इथं, म्हटलं.
बाहेर सत्तेचाळीस आहे.